हिराकस : रंगाच्या सांडपाण्यासाठी कितपत उपयोगी?

सुती कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची जबाबदारी माझ्याकडे आहे. तिथे नियमित वापरात असलेल्या हिराकसाविषयी, म्हणजे फेरस सल्फेटविषयी, हे परीक्षण आहे. शेतकऱ्यांना तो पिकातील लोहाची कमतरता भरून काढणारे खत म्हणून परिचित आहे. मात्र बाजारात येणारा बराचसा हिराकस हा मुळात कारखान्यांचा टाकाऊ माल असतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. पोलादी पत्र्यावरचा आणि तारेवरचा गंज काढण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल वापरतात. त्यात लोह विरघळून आम्ल निकामी झाले, की ते थंड करून हिराकसाचे स्फटिक वेगळे काढता येतात. इल्मेनाइट या खनिजापासून सल्फेट पद्धतीने टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य तयार करतानाही तो मोठ्या प्रमाणात निघतो. असा टाकाऊ माल पाणी स्वच्छ करण्याच्या कामी यावा, याचे मला मनापासून समाधान वाटते.

सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रिऍक्टिव्ह रंग पाण्यात पूर्णपणे विरघळतात, त्यामुळे तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड घालून ते समाधानकारकपणे खाली बसत नाहीत. हिराकसाची खरी ताकद हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोडीने दिसते. ही जोडी हेन्री फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने 1894 मध्ये वर्णिली होती. लोहाच्या सान्निध्यात पेरॉक्साइड फुटून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अत्यंत क्रियाशील कण, तयार होतात आणि ते रंगाच्या रेणूतील नायट्रोजनचा दुहेरी बंध तोडतात. कापड ब्लीच करण्यासाठी पेरॉक्साइड प्रोसेस हाउसमध्ये असतेच, त्यामुळे निराळी खरेदी करावी लागत नाही. पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप) 3 च्या आसपास, म्हणजे पाणी आम्लधर्मी, करून आधी हिराकस आणि मग पेरॉक्साइड हळूहळू, सतत ढवळत सोडले, तर गर्द लाल पाणी डोळ्यांदेखत फिके पडते. रंग घालवण्याच्या बाबतीत मला या मालाविषयी कोणतीही तक्रार नाही.

सीओडीच्या, म्हणजे पाण्यातील प्रदूषक पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापाच्या, बाबतीत मात्र अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. रंग गेला म्हणजे रेणू पूर्ण जळून गेला असे नव्हे. त्याचे तुकडे पाण्यातच राहतात, म्हणून ते जिवाणूंकडून खाऊन टाकणारी पुढची जैविक टाकी आवश्यकच ठरते. शिवाय उरलेले पेरॉक्साइड सीओडीच्या चाचणीत आकडा खोटाच वाढवते, त्यामुळे नमुना घेण्यापूर्वी ते चाचणी-पट्टीने तपासून संपल्याची खात्री करावी. रंगाईत वापरलेल्या मिठाचे प्रमाण या प्रक्रियेने तिळमात्र कमी होत नाही, उलट सल्फेटची भर पडते. ज्यांची मुख्य अडचण टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांची, आहे, त्यांनी हिराकसाकडून काही अपेक्षा करू नये.

सर्वांत मोठा प्रश्न गाळाचा आहे आणि विक्रेते त्याविषयी क्वचितच बोलतात. हिराकसाला उत्प्रेरक (स्वतः खर्च न होता क्रिया घडवणारा पदार्थ) म्हणत असले, तरी टाकीत तो खर्च होतो, कारण फेरसचे फेरिक झालेले लोह पुन्हा मूळ रूपात फार सावकाश येते. चांगल्या हिराकसात वजनाच्या सुमारे 20 टक्के लोह असते. म्हणजे एक किलो हिराकसामागे, शेवटी चुना घालून पीएच वाढवल्यावर, साधारण 380 ग्रॅम कोरडे फेरिक हायड्रॉक्साइड खाली बसते. त्यात चुन्याने तयार होणारे जिप्सम आणि गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधूनही न निघणारे पाणी धरले, तर प्रत्यक्ष वजन कितीतरी पटींनी वाढते. हा रासायनिक गाळ घातक कचऱ्याविषयीच्या 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो, आणि तो तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रावर पैसे मोजून पाठवावा लागतो. पोत्याच्या स्वस्त दरात हा खर्च मिळवल्याशिवाय तुलना करणे चूक आहे. म्हणूनच लोह घन रूपात धरून ठेवणारे, पोलादाच्या मळीपासून किंवा ॲल्युमिना कारखान्यांच्या लाल गाळापासून बनवलेले उत्प्रेरक मला अधिक आशादायक वाटतात. मात्र आम्लात त्यांतून कोणते धातू सुटतात, याचा अहवाल हाती आल्याशिवाय ते टाकीत घालायला मी तयार होणार नाही.

तीच दक्षता हिराकस घेतानाही हवी. स्फटिक फिकट निळसर हिरवे असावेत. पिवळसर तपकिरी झालेल्या पोत्यातील लोहाचे बरेचसे ऑक्सिडीकरण झालेले असते, आणि तुरटीसारखा गाळ बसवण्यासाठी असा माल चालला तरी या कामासाठी तो परत करावा. स्टेनलेस स्टील साफ केलेल्या आम्लातून आलेला माल तर मुळीच घेऊ नये, कारण त्यात क्रोमियम आणि निकेल उतरलेले असते. माल कोणत्या प्रक्रियेतून आला हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, प्रत्येक खेपेचा जड धातूंचा अहवाल मागावा, आणि पोती कोरड्या जागी, फळ्यांवर, तोंड घट्ट बांधून ठेवावीत. पावसाळ्यात उघडे राहिलेले पोते लवकर वाया जाते.