नटाच्या शब्दावर सात महिने: केसगळतीच्या तेलाचा अनुभव

गेल्या वर्षी फेब्रुवारीत वर्तकनगरच्या सलूनवाल्याने मागून आरसा धरला. "दादा, भोवऱ्यापाशी विरळ झालंय." त्याच आठवड्यात टीव्हीवर त्या तेलाची जाहिरात लागली. आई म्हणाली, "अरे, एवढा मोठा नट खोटं कशाला बोलेल?" मलाही तसंच वाटलं. त्याचे सिनेमे लहानपणापासून पाहतोय. घरातलंच कुणी सांगतंय अशा विश्वासाने मागवलं.

१०० मिलीची बाटली ६४९ रुपयांना, महिनाभर पुरते. एक दिवसाआड रात्री लावायचं, सकाळी धुवायचं. वास चांगला आहे, उशी मात्र तेलकट होते. केस मऊ झाले हे खरं. पण दर महिन्याच्या १ तारखेला बाल्कनीत भावाकडून डोक्याचा फोटो काढून घेत होतो. सातही फोटो शेजारी ठेवले की तो विरळ गोल वाढत गेलेला स्पष्ट दिसतो. तरी चौथ्या महिन्यानंतरही मी थांबलो नाही, कारण 'धीर धरा' असं तो नटच सांगत होता.

ऑक्टोबरमध्ये नौपाड्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. आनुवंशिक केसगळती निघाली. यात डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे केसांची मुळं हळूहळू आक्रसत जातात, वरून लावलेलं तेल ते थांबवत नाही. त्यांनी ५ टक्के मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध दिलं. सुरुवातीला गळती वाढेल, फरक दिसायला चार-सहा महिने लागतील आणि बंद केलं तर आलेले केस पुन्हा जातील, हे सगळं पहिल्याच दिवशी सांगितलं. झालंही तसंच. आज पाचव्या महिन्यात गळती कमी आहे, बारीक केस दिसतात. "आधी आला असतात तर जास्त वाचले असते," हे त्यांचं वाक्य मात्र जिव्हारी लागलं. पैशांपेक्षा मला त्या सात महिन्यांचा राग आहे.

त्रिशूरच्या ग्राहक मंचाने केसांच्या क्रीमच्या जाहिरातीवरून अनूप मेनन या मल्याळी नटाला १० हजारांचा दंड केला होता. ते क्रीम त्याने स्वतः वापरलंच नव्हतं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर फसव्या जाहिरातीतल्या चेहऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे. हे मला आधी माहीत हवं होतं.

तेलाला एक तारा, केस मऊ झाले म्हणून. धाकट्या भावाच्या भोवऱ्यापाशीही आता तसंच दिसायला लागलंय. परवा त्याला थेट नौपाड्यात घेऊन गेलो.