लॉ कुठे करायचं: लॉ कॉलेज रोड, बेंगळुरू की सिंगापूर?

कायद्याची पदवी सरहद्द ओलांडत नाही. पुण्यात कॉम्प्युटर शिकलेला मुलगा सिंगापूरला गेला तर पहिल्या आठवड्यात कामाला लागतो. पुण्यात कायदा शिकलेला मुलगा तिथल्या कोर्टात उभा राहू शकत नाही, आणि सिंगापुरात शिकून आलेल्यालाही इथे सरळ सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. त्यामुळे आशियातल्या नामांकित लॉ स्कूलची क्रमवारी समोर ठेवायची आणि वरून खाली जिथे नंबर लागेल तिथे प्रवेश घ्यायचा, ही पद्धत मला उलटी वाटते. आधी ठरवायचं की वकिली कुठे आणि कसली करायची. मग कॉलेजांची यादी आपोआप आखडते.

मी स्वतः शिवाजीनगर कोर्टात दिवाणी कामं करते. माझा कल कुठे असणार हे ओळखून पुढचं वाचा.

पुण्यातच राहायचं असेल तर

इंडियन लॉ सोसायटी (आयएलएस) १९२३ ची आणि तिचं लॉ कॉलेज १९२४ चं. ज्या रस्त्याला आपण लॉ कॉलेज रोड म्हणतो तो याच कॉलेजचा. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर, न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश आणि यशवंतराव चव्हाण, विलासराव देशमुख हे दोन मुख्यमंत्री इथले विद्यार्थी. पण जुन्या नावांवर आजचा प्रवेश ठरवू नये. आज आयएलएसच्या बाजूने तीन गोष्टी आहेत: एनएलयूच्या (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या) मानाने फारच कमी शुल्क, चांगलं ग्रंथालय, आणि दुचाकीवरून पंधरा-वीस मिनिटांवर असलेलं जिल्हा न्यायालय.

ही तिसरी गोष्ट माहितीपत्रकात छापलेली नसते, पण माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. सकाळी तास आणि दुपारी सिनिअरच्या ऑफिसात, हा पुण्याचा जुना क्रम आहे. जमिनीच्या दाव्यात ज्युनिअरच्या हातात पहिल्या दिवशी काय पडतं? तीस वर्षांचे सात-बारा उतारे, फेरफारांचा गठ्ठा, मोडी वळणाच्या अक्षरातलं एखादं जुनं खरेदीखत, आणि समोरच्याची मराठीत टाइप केलेली कैफियत. कुठल्या फेरफाराने कुळाचं नाव लागलं आणि कुठल्या फेरफाराने बहिणींची नावं कमी झाली, हे त्या गठ्ठ्यातून शोधायचं असतं. हे काम कुठल्याच लॉ स्कूलच्या वर्गात शिकवत नाहीत. कॉलेज करता करता पाच वर्षं जो हे बघतो, त्याला सनद मिळाल्यावर पहिली दोन वर्षं चाचपडावं लागत नाही.

प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. ही परीक्षा मराठीतही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, कारण एनएलयूंच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेत या दोन्ही सवलती नाहीत.

कमतरताही सांगायला हव्यात. मोठ्या लॉ फर्म कॅम्पसवर रांग लावतील अशी आशा धरू नका. स्वतःच्या जिवावर इंटर्नशिप मिळवणारी मुलं इथूनही थेट मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये जातात, पण कोणी बोट धरून नेत नाही. ज्या मुलाला मागे लागल्याशिवाय अभ्यास होत नाही, तो इथे टेकडीवर फिरण्यात पाच वर्षं घालवू शकतो.

विमाननगरचं सिम्बायोसिस लॉ स्कूल, स्थापना १९७७, हे वेगळं गणित आहे. स्वतःची स्लॅट परीक्षा, शिस्तशीर वेळापत्रक, इंटर्नशिप आणि प्लेसमेंटची बांधलेली यंत्रणा, आणि केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत वरच्या दहांमधलं नाव. शुल्क मात्र आयएलएसच्या कित्येक पट. देशभरातली मुलं येतात, त्यामुळे ओळखी दिल्ली-मुंबईच्या होतात. कंपन्यांच्या कामाकडे ओढा असेल आणि पैशाची सोय असेल तर हा पर्याय सरळ आहे. पण पुण्याच्या कोर्टात उभं राहायचं असेल तर एवढे पैसे नेमके कशासाठी देतो, हे स्वतःला विचारा.

भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं लॉ कॉलेज हे दोन्ही या दोन टोकांच्या मधले. आयएलएसची यादी थोडक्यात हुकली तर तिथे निःशंक जावं.

एनएलयू: नावाला वजन आहे, पण कशासाठी

बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा कायदा १९८६ चा, पहिली तुकडी १९८८ ची. माधव मेनन यांनी पाच वर्षांच्या सलग अभ्यासक्रमाचा हा नमुना उभा केला आणि पुढे देशभरातल्या एनएलयू त्यावरच बेतल्या गेल्या. हैदराबादची नालसार १९९८ ची. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे एकेक आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जेसप मूट कोर्ट (म्हणजे लुटुपुटीचा खटला चालवण्याच्या) स्पर्धेत बेंगळुरूचा संघ १९९९ आणि २०१३ मध्ये जगात पहिला आला. जगभरातल्या लॉ स्कूल या स्पर्धेसाठी वर्षभर खपतात, हे लक्षात घेतलं तर त्याची किंमत कळते.

वकील कोर्टाला चांगले मिळावेत, हा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात वरच्या एनएलयूमधली मुलं मोठ्या संख्येने कॉर्पोरेट फर्मकडे वळली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. राहणं-खाणं धरून वर्षाला चार ते सहा लाख खर्चून, त्यातही शैक्षणिक कर्ज काढून बाहेर पडलेल्या मुलीने तालुका कोर्टात महिना दहा हजारांवर ज्युनिअरशिप करावी, असं कुठल्या तोंडाने सांगणार? शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान २० हजार द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं. सुचवलं, एवढंच. त्याची सक्ती नाही, आणि आमच्या कोर्टात किती ऑफिसांनी ते मनावर घेतलं हे ज्युनिअरांनाच विचारा.

म्हणून माझं सांगणं असं: वरच्या पाच-सहा एनएलयू मिळत असतील आणि कॉर्पोरेट, सर्वोच्च न्यायालय, धोरणाचं काम किंवा पुढे परदेशी एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) यांपैकी काही डोळ्यांसमोर असेल, तर कर्ज काढूनही जावं. यादीच्या तळातली, दूरच्या राज्यातली एनएलयू केवळ ‘नॅशनल’ या पाटीसाठी घेऊ नये. तिच्यापेक्षा आयएलएस बरं, आणि पैसेही वाचतात.

मुंबईच्या एनएलयूचा विचार मात्र पुणेकराने वेगळा करावा. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, पण त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हेच जिल्हे आले. पुण्याचं अपील अजून मुंबईलाच जातं. हायकोर्टात प्रॅक्टिस करायची तर कधीतरी डेक्कन क्वीनचा पास काढायचाच आहे. मग पवईत राहून पाच वर्षं फोर्टमधल्या वकिलांच्या चेंबरशी ओळख करून घेणं हा तोट्याचा सौदा नाही. राज्याच्या रहिवाशांसाठी तिथे राखीव जागाही आहेत.

सिंगापूर आणि हाँगकाँग

नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमध्ये कायद्याचे वर्ग १९५७ मध्ये सुरू झाले. बहुतेक जागतिक क्रमवाऱ्यांत ती आशियात पहिली किंवा पहिलीच्या आसपास असते. हाँगकाँग विद्यापीठात कायद्याचा विभाग १९६९ पासून. दोन्हीकडे शिक्षण इंग्रजीत, पदवी चार वर्षांची, आणि पाया आपल्यासारखाच इंग्लिश कॉमन लॉचा. सिंगापूरची दंडसंहिता तर आपल्याच १८६० च्या भादंविवरून घेतलेली. गंमत अशी की १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू होऊन आपल्याकडचं खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं, पण सिंगापुरात खुनाला अजून ३०२ आणि फसवणुकीला ४२० च आहे. आमच्या जुन्या सिनिअरांना तिथे जास्त घरच्यासारखं वाटेल.

सिंगापूरला बारावीचे गुण चालतात, पण त्यावर भागत नाही. निवडलेल्यांची लेखी चाचणी आणि मुलाखत होते. खर्चाचा अंदाज घ्या. सिंगापूर सरकारचं ट्युशन ग्रँट धरूनही परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला तीस हजार सिंगापूर डॉलरच्या पुढे शुल्क पडतं, आणि ग्रँट घेतलं की पदवीनंतर तीन वर्षं तिथल्या कंपनीत काम करण्याचा करार येतो. हाँगकाँगचं शुल्क वर्षाला दोन लाख हाँगकाँग डॉलरच्या घरात. राहणं धरून चार वर्षांत कोटीचा आकडा ओलांडतो. पुण्यातला एखादा फ्लॅट विकून हे करणारी कुटुंबं असतात, म्हणून सनदेचं स्पष्ट बोलते.

सिंगापुरात पदवीनंतर बारची परीक्षा आणि एक वर्षाचं प्रशिक्षण लागतं. पूर्वी सहा महिने पुरायचे. हाँगकाँगमध्ये पदवीवर आणखी एक वर्षाचा पीसीएलएल अभ्यासक्रम, आणि सॉलिसिटर व्हायचं तर त्यापुढे दोन वर्षं ट्रेनी. म्हणजे सात वर्षं. या प्रशिक्षणात पगार मिळतो आणि काम शिकवलं जातं, ही आपल्याकडे नसलेली चैन आहे. आपल्याकडे बार कौन्सिलने प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो नियम रद्द केला. आता पदवी, सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा, एवढ्यावर माणूस वकील होतो. बाकीचं सिनिअरच्या भरवशावर.

आणि परत यायचं ठरलं तर? भारतीय नागरिकाची परदेशी पदवी आधी बार कौन्सिलची मान्यता असलेली हवी. मग संविधान, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया अशा भारतीय विषयांची पात्रता परीक्षा, मग सनद, मग इतरांसारखीच बार परीक्षा. त्यानंतर शिवाजीनगरला पहिल्या तारखेला मराठी कैफियत समोर येते. परत यायची नुसती शक्यता जरी मनात असली तरी पदवीसाठी तिकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तिथेच स्थायिक व्हायचं असेल तर मात्र भारतातली कुठलीच पदवी या दोघांच्या जवळपास नाही.

जपान आणि कोरियाची नावं क्रमवारीत वर दिसतात म्हणून दोन ओळी. जपानने २००४ मध्ये अमेरिकी धर्तीच्या लॉ स्कूल काढल्या. संख्या ७४ वर गेली, उत्तीर्णांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा फारच कमी राहिलं, आणि निम्म्याच्या आसपास बंद पडल्या. कोरियाने २००९ मध्ये २५ लॉ स्कूल आणि वर्षाला २,००० जागा असं बांधून टाकलं. दोन्हीकडे वकिलीचा रस्ता त्यांच्या भाषेतूनच जातो. आपल्या मुलांसाठी तो पदवीचा पर्याय नाही.

आशिया हवा असेल तर एलएलएमला

इथे माझं मत बदलतं. पदवी आणि सनद भारतात घेऊन, तीन-चार वर्षं काम करून, मग वर्षभरासाठी सिंगापूरला एलएलएम करणं हा पैसा वसूल करणारा मार्ग आहे. विषय मात्र लवाद (कोर्टाबाहेर मध्यस्थ नेमून वादाचा निवाडा करणं) किंवा सागरी कायदा यांसारखा, ज्यात सिंगापूरचं नाणं चालतं. भारतीय कंपन्या मोठ्या करारांत वाद सोडवण्याची जागा म्हणून सिंगापूर लिहून ठेवतात. ॲमेझॉन आणि फ्यूचर यांच्या भांडणात सिंगापूरच्या लवाद केंद्राच्या नियमांखाली आपत्कालीन लवादाने दिलेला आदेश भारतात अंमलात आणता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ठरवलं. चाकण आणि हिंजवडीतल्या परदेशी भागीदारीच्या कंपन्यांचे करार काढून पाहा, तसलंच कलम सापडेल. ते वाचता येणारा वकील पुण्यात लागतो आणि त्याची फी मुंबईच्या दराने मिळते.

वकिलीसाठी एलएलएम लागत नाही. प्राध्यापकी करायची असेल तर एक वर्षाच्या परदेशी एलएलएमला समकक्षता मिळते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

न्यायाधीश व्हायचं म्हणणाऱ्यांसाठी

पुण्यात एमपीएससीचं वातावरण असल्याने हा प्रश्न दर दुसऱ्या घरात असतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. कॉलेजातून थेट परीक्षेचा मार्ग त्यामुळे बंद झाला. आता पदवी स्वस्तात व्हावी, सिनिअर लवकर मिळावा आणि मराठी निकालपत्र वाचायची-लिहायची सवय व्हावी, हे पाहायचं. अशा मुलामुलींनी पुण्याबाहेरचा फॉर्मसुद्धा भरू नये.

बाकीच्यांनी घाईने दारं बंद करायची गरज नाही. क्लॅट डिसेंबरात असते, परदेशी विद्यापीठांचे अर्ज हिवाळ्यात जातात, राज्याची सीईटी उन्हाळ्यात. एकाच वर्षी तिन्ही जमतं. आणि बारावीला काहीच ठरत नसेल तर आधी बी.कॉम. किंवा बी.ए. करून तीन वर्षांचं एलएलबी आहेच. बेंगळुरूनेही २०२२ पासून ते सुरू केलं आहे, त्याची परीक्षा वेगळी आहे, आणि एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला आपल्याला कोर्ट हवंय की ऑफिस, हे सतरा वर्षांच्या मुलापेक्षा बरंच नीट सांगता येतं.