गोव्यात आठ खोल्यांचं बुटीक हॉटेल घ्यायचं की बीचवरचा मोठा रिसॉर्ट? बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की आमच्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात एकच विषय असतो, गोव्याला उतरायचं कुठे. कुणीतरी फोटो पाठवतं, जुनं पोर्तुगीज घर, आठ-दहा खोल्या, मागे छोटासा स्विमिंग पूल, भोवती केळी आणि माड, आणि लगेच दुसरं कुणी म्हणतं अहो तेवढ्यात तर बीचवरचा रिसॉर्ट येतो, बफे आहे, मुलांना बागडायला जागा आहे. दोघांचंही खरं असतं. मी दोन्हीकडे राहिलेय आणि माझं मत असं की सोबत कोण येतंय आणि कुठल्या महिन्यात जाताय हे आधी पक्कं करा, मग हॉटेल निवडायला फारसं डोकं लागत नाही. फोटो सगळ्यात शेवटी बघा.

आधी छोट्या हॉटेलचं सांगते कारण त्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. उत्तर गोव्यातलं आसगाव, साळगाव, शिवोली किंवा पणजीचं फोंताईन्हास, ह्या भागातली बरीच बुटीक हॉटेलं म्हणजे मुळात कुणाची तरी राहती घरं. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, दारात दोन्ही बाजूंनी बसायला कट्टे असलेला बल्कांव, म्हणजे ओटा. काही जुन्या घरांत तर खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे बसवलेले असतात, त्यातून आत येणारा उजेड दुधाळ, मऊ असतो, दुपारी तिथे पुस्तक घेऊन पडलं की उठावंसंच वाटत नाही. पण ही घरं वारा खेळता राहावा म्हणून बांधलेली, एसीसाठी नाही. उंच कौलारू छप्पर आणि खाली सीलिंग नसेल तर एसी रात्रभर घरघरतो आणि खोली काही थंड होत नाही, शिवाय शेजारच्या खोलीतलं बोलणं वरून ऐकू येतं. म्हणून फोन केला की पहिलं हेच विचारायचं, खोलीला सीलिंग आहे का आणि लाइट गेली तर एसी चालतो का नुसते पंखे.

दुसरं म्हणजे पायऱ्या. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून ह्या घरांचं जोतं उंच असतं, म्हणजे दारातच चार-पाच पायऱ्या, बाथरूम बऱ्याचदा मागाहून काढलेलं त्यामुळे तिथे अजून एक उंबरा, आणि जुन्या पद्धतीचा पलंग इतका उंच की माझ्या सासूबाईंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यावर चढायला पाटच लागला असता. त्यांना घेऊन आम्ही रिसॉर्टलाच गेलो आणि तो निर्णय शंभर टक्के योग्य होता. लिफ्ट, रॅम्प, रूमपासून जेवणापर्यंत बग्गी, बाथरूममध्ये धरायला दांडा, त्या चार दिवस कुणाच्याही मदतीशिवाय फिरल्या आणि खूश होत्या. घरात साठी-सत्तरीतलं कुणी असेल तर छोट्या हॉटेलवाल्यांकडून पायऱ्यांचा आणि बाथरूमचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, वेबसाइटवर तो कधीच नसतो.

लहान मुलांचंही तसंच. छोट्या हॉटेलातला पूल दिसायला गोड पण बहुतेक ठिकाणी सगळीकडे सारखाच खोल, लाइफगार्ड नाही, आणि काही ठिकाणी तर बारा वर्षांखालची मुलं घेतच नाहीत, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. रिसॉर्टला मुलांचा वेगळा उथळ पूल असतो, किड्स क्लब असतो, आणि आईबापांना दोन तास डोळे मिटता येतात, ह्याची किंमत ज्यांची पोरं पाच-सहा वर्षांची आहेत त्यांना विचारा.

आता माणसं. छोट्या हॉटेलात तीन-चार जणांचा स्टाफ, रात्री तर एक वॉचमनच. सगळं त्या चार माणसांवर आणि पाण्याच्या एका मोटारीवर चालतं. एका ठिकाणी सकाळी सकाळी ती मोटारच जळाली, सगळ्या खोल्यांचं पाणी एकदम गेलं, प्लंबर म्हापशाहून यायला दुपार झाली. मालकीणबाईंनी शेजारून बादल्या भरून आणवल्या, स्वतः दोनदा येऊन विचारून गेल्या, अगदी मनापासून केलं, पण आंघोळी दुपारीच झाल्या. मोठ्या रिसॉर्टला दुसरा पंप असतो, जनरेटर असतो, तुम्हाला काही झालंय हे कळतही नाही.

पण खाण्याच्या बाबतीत हीच चार माणसं बाजी मारतात आणि इथे मी उघडपणे छोट्या हॉटेलच्या बाजूची आहे. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो, मागच्या टोपलीत गरम पोई, म्हणजे तिथला पाव, कोंडा लावलेली, फाडली की आतून पोकळ आणि वाफ बाहेर. स्वयंपाकाच्या मावशी ती तिथल्या तिथे घेतात आणि पंधरा मिनिटांत तुमच्या पानात. आदल्या रात्री सांगून ठेवलं की आम्ही शाकाहारी, तर दुसऱ्या दिवशी अळसांद्याचं तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी), खतखतं (मिश्र भाज्यांचं), सोलकढी असं जेवण मिळालं जे कुठल्याच बफेत नव्हतं. एकादशीला न मागता साबुदाणा भिजवला होता, कारण आदल्या दिवशी बोलता बोलता विषय निघाला होता. आयत्या वेळी मागाल तर मात्र मिळणार नाही हेही तितकंच खरं, बाजार आधी करावा लागतो. आणि चहा! नाश्ता साडेआठला उघडतो, आपल्याला सहाला चहा लागतो, खोलीत किटली आहे का हे विचाराच. रिसॉर्टचा बफे मोठा, जैन जेवणही सांगितलं तर करून देतात, गुजरातेतून इतके ग्रुप जातात की खिचडी-कढी सहज मिळते, मोठ्या कुटुंबाला सोयीचं आहे, फक्त तिसऱ्या दिवशी सगळ्या भाज्यांची ग्रेव्ही एकच लागायला लागते.

पैशाचं नीट बघा. रिसॉर्टचा भाव बऱ्याचदा एमएपी असतो म्हणजे नाश्ता आणि एक जेवण धरून, छोट्या हॉटेलचा सीपी, म्हणजे फक्त नाश्ता. तेव्हा दोन आकडे तसेच शेजारी ठेवून काही कळत नाही, आधी छोट्या हॉटेलच्या भावात जेवणाचा खर्च मिळवा. मग जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीला १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. भावात दोनशेचा फरक आणि बिलात जवळपास बाराशेचा, आणि तोही दर रात्रीला! कर डिस्काउंटनंतरच्या रकमेवर लागतो, त्यामुळे सीमेवरचा भाव असेल तर मालकाशी बोलून थोडं खाली आणता येतं, छोट्या ठिकाणी फोन मालकच उचलतो, रिसॉर्टला हे होत नाही.

आणि टॅक्सी. गोव्यात ओला-उबर नाही, तिथलं गोवामाइल्स अ‍ॅप आहे नाहीतर स्टँडवरची टॅक्सी, दोन्ही आपल्या बडोद्याच्या रिक्षाच्या हिशेबाने महागच. बुटीक हॉटेल बहुतेक गावात, बीचपासून आत, त्यामुळे समुद्र, जेवण, बाजार सगळ्याला गाडी लागते. स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची भाड्याने देणं कायद्यात बसत नाही आणि पोलीस अडवतात. फोंताईन्हासचं तसं नाही, तिथून पणजी पायी होते. आपल्याकडून ट्रेनची सोय उत्तम आहे, केरळकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या बडोद्याहून कोकण रेल्वेने जातात, त्रिवेंद्रम राजधानी, मरुसागर वगैरे, आणि मडगावला थांबतात. दक्षिण गोव्यातले कोलवा, बाणावली, वार्का इथले रिसॉर्ट मडगावपासून जवळ. आसगाव-साळगावला जायचं तर थिवी स्टेशन सोयीचं पण प्रत्येक गाडी तिथे थांबेलच असं नाही. गाडी अपरात्री पोचत असेल तर छोट्या हॉटेलला आधी कळवून ठेवा, तिथे रात्रभर रिसेप्शन नसतं.

महिना म्हणाल तर माझं म्हणणं बऱ्याच जणांना उलटं वाटेल. श्रावणात, जन्माष्टमीच्या जोडून आलेल्या सुट्टीत वगैरे जात असाल तर रिसॉर्टला समुद्राचे पैसे देऊ नका. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, पोहायला मनाई, शॅक्स, म्हणजे बीचवरची झोपडीवजा हॉटेलं, मेअखेर काढून टाकतात, मग सी व्ह्यूला जादा कशाला मोजायचं. तेव्हा छोट्या घराचा बल्कांवच खरा, कौलांवरून पागोळ्या पडतायत, समोर भातखाचरं हिरवीगार, हातात चहा. टॉवेल वाळत नाहीत आणि चादरींना थोडा ओलसर वास येतो हे धरून चला, रोज धुतलेला कोरडा टॉवेल देणार का विचारा.

दिवाळीत उलट. आपल्या मुलांना तीन आठवड्यांची सुट्टी, दुकानं लाभपाचमीपर्यंत बंद, अख्खा गुजरात तिकडेच निघतो, रिसॉर्टचा पूल गजबजलेला असतो. शांतता हवी आणि सगळे मोठे असाल तर गावातलं छोटं हॉटेल घ्या, फक्त नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावागावात नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळतात, रात्रभर मोठ्याने गाणी असतात. मुलांना दाखवण्यासारखं आहे, झोपेची आशा मात्र सोडा.

अजून एक पर्याय जो कुणी धरतच नाही. आत्या, काका, मावशी मिळून वीसेक जण असाल तर आठ खोल्यांचं अख्खं हॉटेलच घ्या. जेवणाची वेळ तुमची, ओटीवर रात्री पत्त्यांचा डाव बसला तरी कुणी तक्रार करत नाही, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तळमजल्यावरची सगळ्यात सोयीची खोली देता येते.

बुक करताना कॅन्सलेशनची तारीख बघून घ्या. ट्रेनचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीतली छोटी हॉटेलं त्याच्या कितीतरी आधी भरलेली असतात, आठ खोल्या संपायला वेळ लागत नाही. तेव्हा ट्रेनचं बुकिंग उघडल्यानंतरही थोडे दिवस पैसे परत मिळतील असंच हॉटेल घ्या, तिकीट कन्फर्म झालं की उरलेली रक्कम भरा.