बॅबिलॉनस्टोरेन : निफाडच्या द्राक्षवाल्याच्या नजरेतून

द्राक्षाच्या मळ्यात झोपायला लोक पैसे मोजतात, हे आमच्या निफाड तालुक्यात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बॅबिलॉनस्टोरेन या वाइनमळ्यावरच्या मुक्कामाचं भाडं ऐकून मीही लेकीला सरळ नाही म्हणालो होतो. ती केप टाउनला नोकरीला आहे. तिनं न ऐकता बुकिंग केलं, आणि ऐन तोडणीत, फेब्रुवारीत, बाग पोराच्या हवाली करून आम्ही दोघं निघालो.

केप टाउनहून गाडीनं तासाभराच्या अंतरावर, पार्ल आणि फ्रान्सहुक यांच्या मधे, सायमन्सबर्ग डोंगराच्या पायथ्याला हा मळा आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात १६९२ साली ही जमीन कसायला दिली गेली. पांढऱ्या जाड भिंती, गवतानं शाकारलेली छपरं. मोठं घर १७७७ चं. २००७ मध्ये कॅरेन रूस आणि त्यांचे यजमान कूस बेकर यांनी मळा विकत घेतला. बेकर हे नॅस्पर्स या माध्यम कंपनीतलं मोठं नाव. म्हणजे ही शेती सोसायटीच्या कर्जावर चालत नाही, आणि ते वाफे बघूनच कळतं. तण शोधून सापडत नाही.

भाजीपाल्याची आणि फळांची बाग हे इथलं खरं वैभव. पॅट्रिस टाराव्हेला या फ्रेंच आर्किटेक्टनं ती आखली. तीनशेहून जास्त जातींची झाडं, आणि प्रत्येक खाण्याच्या नाहीतर औषधाच्या उपयोगाचं. पाणी उतारानं पाटातून खेळवलेलं. काही वाटांवर खडीऐवजी पीचच्या कोयी अंथरल्यात, चालताना पायाखाली करकर वाजतात. आमच्या सौ.ना हे इतकं आवडलं की त्या उगाचच दोनदा त्या वाटेनं फिरल्या.

मी मात्र वेलींतच जास्त रमलो. युरोपच्या बाजारात आमच्या मालासमोर दक्षिण आफ्रिकेची खायची द्राक्षं उभी असतात, त्यामुळे शत्रूच्या गोटात शिरल्यासारखं वाटत होतं. पण हा मळा वाइनचा. मणी बारीक, साल जाड, आत बिया. ना मणी फुगवायला जीएची (जिबरेलिक ॲसिडची) बुडवणी, ना घडातल्या मण्यांची विरळणी. तोंडात टाकला की साखर चटकन जाणवते. आमचा थॉमसन, म्हणजे खायचं बिनबियांचं द्राक्ष, अठरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) पोचला की आम्ही व्यापाऱ्याला फोन लावतो. तांबड्या वाइनचा माल चोविसाच्या आसपास गेल्यावर तोडतात. मांडव कुठंच नाही, वेली तारांवर उभ्या बांधलेल्या. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री. इथं थंडीत वेल स्वतःच पानं गाळून झोपते, म्हणून छाटणी एकच, जुलै-ऑगस्टच्या सुमारास. पाऊसही मुख्यतः हिवाळ्यातला. तोडणीच्या दिवसांत आभाळ कोरडं ठणठणीत.

“म्हणजे यांना अवकाळीचं टेन्शनच नाही,” सौ. म्हणाल्या. टेन्शन वेगळं आहे. उन्हाळ्यात आग्नेयेकडून असा वारा सुटतो की कोवळ्या फुटी मोडतात. पानं कोरडी राहून डावणी या बुरशीच्या रोगाला आळा बसतो, हा त्याचाच फायदा. आणि पाण्याचं म्हणाल, तर २०१८ मध्ये केप टाउनचे नळ बंद पडायची वेळ आली होती.

मी माळकरी, तेव्हा वाइनबद्दल माझं मत विचारू नका. जावई नेबुकाडनेसार या तांबड्या वाइनवर खूश होते. लेक म्हणाली, शेनिन ब्लांक चांगली आहे. ही द्राक्षाची जात आपल्या नाशकातही लावतात, एवढी भर मी घातली.

बाबेल हे रेस्टॉरंट जुन्या गोठ्यात आहे, भिंतीवर पांढऱ्या फरश्यांवर भला मोठा बैल रंगवलाय. सॅलड रंगावर मागवायचं : लाल, हिरवं, पिवळं. ताजं आणि सुरेख, पण आपल्या जिभेला मिळमिळीत. मुक्कामाच्या पाहुण्यांना बागेतून हवं ते खुडायची मुभा असते आणि काही घरांना काचेचं स्वयंपाकघर आहे. लेकीनं वांगी भाजून भरीत केलं, तिथल्याच बेकरीचा पाव, घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. माझ्या मते सगळ्यात चांगलं जेवण ते झालं. चटणी न विसरता न्या.

केपच्या कुठल्याही जुन्या वाइनमळ्यावर उतरण्याआधी एक काम करा. केप टाउनमध्ये कंपनीची बाग आहे, जहाजांना भाजी पुरवायला डचांनी केलेली. बॅबिलॉनस्टोरेनची बाग तिच्यावरूनच सुचली. त्या बागेला लागून स्लेव्ह लॉज हे संग्रहालय आहे. ते बघून घ्या. हे मळे गुलामांनी उभे केले : मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशिया, आणि आपला बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा इथून आणलेल्या माणसांनी. ‘फान बेंगालेन’, ‘फान मलबार’ (म्हणजे बंगालचा, मलबारचा) अशी नावं तिथल्या कागदोपत्री सापडतात. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, तरी उमेदवारीच्या, म्हणजे शिकाऊ कामगारीच्या, नावाखाली १८३८ पर्यंत राबवलंच. हे माहीत असलं की त्या पांढऱ्या भिंतींकडं नुसतं ‘वा, वा’ करत बघता येत नाही.

आता हिशोबाचं. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच. भाडं परवडत नसेल तर तिकीट काढून दिवसा बाग बघता येते, आणि शेतकऱ्याला तेवढं पुरे. बाबेलचं टेबल मात्र आधी बुक करा. हंगाम बघायचा तर फेब्रुवारी-मार्च. उन्हाला टोपी लागतेच. छाटणी बघायची तर जुलै-ऑगस्ट, पण छत्री आणि स्वेटर घेऊन जा.