बाबांच्या अक्षरातली पावती

"तुमच्या बाबांकडूनच घेतलेलं चित्र आहे. ते तुमच्याकडेच परत जावं असं आईला वाटतं," तो म्हणाला. बोलणं अस्सल गिरगावातलं, पायात साध्या चपला, काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली फ्रेम. मी तिथेच अर्धा विरघळलो.

बाबांचं आधी गिरगावात फ्रेमचं दुकान होतं. चित्रकार उधारीवर फ्रेमा करून घेत आणि कधी पैशांऐवजी चित्रच ठेवून जात. त्यातून गॅलरी उभी राहिली आणि पुढे काळा घोड्याजवळ आली. बाबा गेल्यापासून ती मी बघतो. आम्हा दुसऱ्या पिढीवाल्यांचा एक आजार असतो. बाबांचं नाव कुणी प्रेमानं घेतलं की आपण दुकानातून उठतो आणि घरच्या ओटीवर जाऊन बसतो.

चादरीतून निघाले आरा. फुलदाणी, लाल-पिवळी फुलं, कागदावर जलरंग. के. एच. आरा म्हणजे १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकारांच्या गटातले. त्याच गटातल्या रझा-सूझांच्या चित्रांचे आकडे कोटींत जातात, आरा त्या मानानं आवाक्यातले. खोटा माल करणाऱ्याला तेच सोयीचं. फुलदाण्या त्यांनी ढिगानं रंगवल्या, त्यात एक जास्त निघाली तर कोण मोजतंय? आणि पाच-सात लाखांच्या चित्रासाठी कुणी प्रयोगशाळेत धावत नाही. मीही धावलो नाही.

सोबत पावती होती, १९६६ ची. बाबांच्या दुकानाचं छापील नाव, 'मुंबई ४', आणि खाली त्यांचं तिरकं अक्षर: 'आरा, फुलांचं चित्र, १'. ते अक्षर बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पावती झेरॉक्स होती. मूळ कागद वाटणीच्या दाव्यात वकिलाकडे अडकलाय, असं त्यानं सांगितलं. साडेसहा लाख ठरले. रोख द्यायला मी नकार दिला, तर त्यानं लगेच भाच्याच्या खात्याचा नंबर दिला. विकणारा एक आणि खातं दुसऱ्याचं, हे इतर कुणी केलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

तीन आठवड्यांनी एका गिऱ्हाइकानं चित्र उलटं करून बघायला मागितलं. मागच्या पुठ्ठ्यावर आमच्याच दुकानाचं पिवळं पडलेलं लेबल, त्यावर '१९६६' आणि 'मुंबई ४०० ००४'. बाई निवृत्त पोस्टमास्तर निघाल्या. "पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला हो," एवढंच म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

त्या रात्री माळ्यावरून बाबांची बिलबुकं काढली. त्याच नंबरची, त्याच तारखेची कार्बन कॉपी सापडली. 'आरशाची फ्रेम, १'. गिऱ्हाईक तेच, सही तीच. कुणाच्या तरी घरात आरशाची खरी पावती सापडली असणार. बाबांचं अक्षर गिरवून एक ओळ बदलली आणि झेरॉक्स काढली. झेरॉक्समध्ये ना शाईचा फरक दिसतो, ना खाडाखोड.

आमच्याकडे चाळीस वर्षं फ्रेमा ठोकणाऱ्या काकांना दुसऱ्या दिवशी चित्र दाखवलं. "फ्रेमचे खिळे नवे आहेत, गंज वरून लावलाय. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बाबांची पावती छातीशी धरून बसला होतात."

तक्रार नोंदवली. फसवणुकीचं कलम, पूर्वीचं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न आला, "चित्र खोटं आहे हे सांगणार कोण?" प्रश्न बरोबर होता. आरा १९८५ ला गेले. आमच्या बाजारात जो तो स्वतःलाच जाणकार म्हणवतो, पण सही करून 'खोटं' असं लिहून द्यायला कुणी पुढे येत नाही. शेवटी तक्रारीत चित्राऐवजी पावतीच पुढे केली, कारण तिची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. भाच्याचं खातं तोवर रिकामं झालं होतं.

गॅलरी जुनी असेल, वडिलांची असेल, तर हा माणूस तुमच्याकडे येईल. वय पन्नाशीचं, बोलणं मऊ, पाणी मागून पितो आणि ग्लास स्वतः आत ठेवून येतो. गेल्या महिन्यात दादरच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे तो चित्रकार बेंद्र्यांचं चित्र घेऊन गेला होता. दुकानदाराच्या आजोबांनीच विकलेलं, असं म्हणे. पावती याही वेळी झेरॉक्सच होती.