खुंटीवरचा काळा कोट

साहेबांच्या खुर्चीमागं खुंटीला वकिलाचा काळा कोट अडकवलेला असायचा. वर्षभरात मी त्या ऑफिसच्या वीस-बावीस चकरा मारल्या असतील, पण तो कोट त्यांच्या अंगावर एकदाही बघितला नाही. उन्हाळ्यात त्यावर धूळ बसायची, पावसाळ्यात बुरशीचा वास यायचा.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनचा ऑपरेटर. मेकॅनिकल डिप्लोमा, पाच वर्षांचा अनुभव, वय ३१. जून २०२४ मध्ये मित्रानं एका फ्लेक्सचा फोटो पाठवला. कॅनडा वर्क परमिट, वकिलामार्फत, १०० टक्के खात्री. पत्ता आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला. मुंबई-दिल्लीचे एजंट बुडवतात हे ऐकून होतो. मुंबईचा असता तर चार जणांना विचारलं असतं. हा पडला गावातला. "राजारामपुरी सोडून जाणार कुठं तो?" वडील म्हणाले. घरात एवढीच चौकशी झाली.

पहिल्या दिवशी रजिस्ट्रेशनचे २५ हजार. महिन्यानं ऑफर लेटर आलं. ओंटारिओतलं मशीन शॉप, तासाला ३४ डॉलर. मुलाखत फोनवर झाली. पलीकडच्या माणसानं तीन प्रश्न विचारले, त्यातला एक मी दारू पितो का हा होता. ड्रॉइंग वाचता येतं का, कुठल्या कंट्रोलवर काम केलंय, याबद्दल अवाक्षर नाही. आमच्याकडं फाउंड्रीत हेल्पर घेताना यापेक्षा जास्त विचारतात. शंका आली होती, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री ३४ डॉलरचे महिन्याचे रुपये किती होतात हा हिशेब मी तीनदा केला आणि झोपलो.

मग एलएमआयए. परदेशी माणूस कामावर घेण्याआधी कॅनडातल्या मालकाला तिथल्या सरकारकडून ही मंजुरी आणावी लागते. साहेबांनी तिचे साडेतीन लाख सांगितले, तेही रोख. प्रत्यक्षात तो अर्ज मालक करतो, त्याची १००० कॅनेडियन डॉलर फी मालकच भरतो आणि ती कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. कामगाराला सरकारी फी पडते ती वर्क परमिटची १५५ डॉलर आणि बायोमेट्रिकची ८५. दोन्ही मिळून साधारण १५ हजार रुपये. कॅनडा सरकारच्या साइटवर हे सगळं उघड लिहिलेलं आहे. मी ती साइट उघडली नाही. आईच्या पाटल्या आणि बोरमाळ पतसंस्थेत तारण ठेवली आणि राहिलेले वडिलांच्या ऊसबिलातून घातले. पुढं 'फाइल चार्ज' म्हणून आणखी १ लाख ६५ हजार गेले. एकूण ५ लाख ४० हजार. पावती फक्त पहिल्या २५ हजारांची, तीवर बारीक अक्षरात 'समुपदेशन शुल्क, परत मिळणार नाही'.

पासपोर्ट दुसऱ्याच भेटीत ठेवून घेतला होता. मागितला की "फाइलला लागतो, बाळा" हे उत्तर. पासपोर्ट हा भारत सरकारच्या मालकीचा असतो, एजंटानं तो कपाटात कोंडून ठेवायचा काही संबंध नाही, हे मला नंतर कळलं.

आता खरी गोम. डिसेंबर २०२४ मध्ये अर्ज गेला, पण तो फॉर्म मी बघितलाच नाही. ऑफिसातल्या मुलीनं भरला. खात्याचा ईमेल त्यांचा, पासवर्ड त्यांचा. मी दाखवतील तिथं सह्या करत गेलो. "स्टेटस काय साहेब?" विचारलं की ते मोबाइलवर एक स्क्रीनशॉट दाखवायचे, 'प्रोसेसिंग' लिहिलेला. जुलै २०२५ मध्ये ती मुलगी नोकरी सोडून चालली होती. जाताना तिनं मला गुपचूप एक पीडीएफ पाठवली. नकाराचं पत्र, तारीख मार्चची. चार महिने मी मेलेल्या फाइलचं स्टेटस विचारत होतो.

नकार एकवेळ पचला असता. पत्रात कलम ४० लिहिलं होतं. खोटी माहिती दिल्याचं कलम, पाच वर्षांची बंदी. माझ्या अर्जाला एका कारखान्याचा आठ वर्षांचा अनुभवाचा दाखला जोडला होता. त्या कारखान्याचं गेट मी आजवर बघितलेलं नाही. नकाराआधी कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी या दाखल्याचा खुलासाही मागितला होता. ते पत्र साहेबांच्या ईमेलवर पडून राहिलं.

पत्र घेऊन आईच्या मामेभावाकडं गेलो, ते वकील आहेत. ऑगस्टचे दिवस. १८ तारखेपासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसणार म्हणून सगळी वकील मंडळी नवरदेवाच्या घरासारखी गडबडीत. मामांनी उभ्या उभ्या पत्र वाचलं.

"माझी सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची. शेताच्या बांधाचा दावा असू दे, उद्या उभा राहतो. कॅनडाच्या फाइलवर माझ्या सहीला कोण विचारतंय खुळ्या?"

"पण ते पण वकीलच हाईत की."

"असू दे नाहीतर नसू दे. आणि कुठल्या वकिलाचा फ्लेक्स बघितलायस तू? आम्हाला जाहिरात करायला बंदी आहे, बार कौन्सिलचा ३६ नंबरचा नियम. फ्लेक्स बघूनच माघारी फिरायला पायजे होतास."

मी वर्षभर 'कोल्हापुरातला इमिग्रेशन वकील' शोधत होतो आणि तो शोधच उलटा होता. वकील कुठल्या गल्लीत बसतो याला महत्त्व नाही, त्याला परवाना कुठल्या देशानं दिलाय ते बघायचं. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन प्रतिनिधी होता येतं ते तिथल्या एखाद्या प्रांताच्या लॉ सोसायटीच्या वकिलाला, क्यूबेकच्या नोटरीला, नाहीतर तिथल्या इमिग्रेशन कन्सल्टंटच्या कॉलेजच्या परवानाधारकाला. कॉलेज म्हणजे शिकायचं कॉलेज नव्हे, कन्सल्टंट लोकांवर लक्ष ठेवणारी संस्था. तिची यादी ऑनलाइन कुणालाही बघता येते. ऑस्ट्रेलियाची, ब्रिटनची अशीच आपापली नोंदणी आहे. अमेरिकेसाठी तिथल्या कुठल्या तरी राज्याच्या बारचा वकील लागतो. असा माणूस कोल्हापुरात बसलेला असलाच पाहिजे असं नाही. व्हिडिओ कॉलवर काम होतं.

आणि जो भारतात बसून परदेशातली नोकरी 'लावतो', त्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नाव शोधता येतं. अशा नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून ३० हजार आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. माझे साहेब दोन्हीकडं नव्हते.

फी देऊन घेतलेला प्रतिनिधी असेल तर त्याचं नाव ५४७६ नंबरच्या फॉर्मवर द्यावं लागतं. साहेबांनी तो फॉर्म लावलाच नाही. त्यामुळं कॅनडाच्या दप्तरात साहेब नावाचा माणूस कधी जन्मालाच आलेला नाही. अर्ज मी भरला, खोटा दाखला मी जोडला, खुलासा मी दिला नाही, असंच तिथं दिसतं. ५ लाख ४० हजारांपेक्षा हे मला जास्त लागलं. पैसे ओव्हरटाइम करून फिटतील.

शेवटी तिथल्या एका लॉ सोसायटीच्या यादीतून एक कॅनेडियन वकील बाई गाठल्या, एका तासाची फी देऊन. माझं कसंबसं इंग्रजी त्यांनी निवांत ऐकून घेतलं. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात जायची मुदत ६० दिवसांची. माझं पत्र त्याच्या दुप्पट जुनं. मुदतवाढ मागता येते, पण खर्च मोठा आणि खात्री नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. व्हिसा मिळेलच असं कुणीच सांगू शकत नाही म्हणाल्या. वर्षभरात खात्री न देणारा पहिला माणूस तोच भेटला. दुसऱ्या देशाच्या फॉर्मवर 'पूर्वी व्हिसा नाकारला का' असं विचारलं तर लपवू नका, हेही बजावलं. बंदी मार्च २०३० पर्यंत.

पोलिसांत तक्रार दिली आहे, फसवणुकीची आणि उत्प्रवास कायद्याखालचीही. हातात पुरावा १ लाख ९० हजारांचा, तेवढे यूपीआयनं गेले होते. रोख साडेतीन लाखांना साक्षीदार मी आणि वडील. पासपोर्ट मामा बरोबर आल्यावर दहा मिनिटांत निघाला, त्याच कपाटातून.

त्या ऑफिसच्या बाकड्यावर कागलच्या एका पोराची ओळख झाली होती. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास साहेबांनी त्याला सांगितलं होतं, व्हिजिटर व्हिसावर जा, तिथं उतरल्यावर वर्क परमिट करून देतो. तशी सवलत काही काळ होती खरी, पण ती २८ ऑगस्ट २०२४ लाच बंद झाली होती. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, परवाना नंबर माग. त्यानं मागितला. साहेबांनी दिलाही, इंग्रजी आर आणि पुढं सहा आकडे, अगदी बरोबर दिसणारा. पोरानं तिथंच बसून मोबाइलवर यादीत टाकला.

"साहेब, हितं तर बाईमाणसाचं नाव दावतंय."

"त्या आमच्या पार्टनर आहेत."

"मग यादीत त्यांचा ईमेल हाय, तुमचं नाव घालून इचारू का?"

साहेब उठले आणि कपाटाची किल्ली शोधू लागले. पोराचे २५ हजार गेले, पण पासपोर्ट खिशात घालूनच तो जिना उतरला.