सुतारकाम, इलेक्ट्रॉनिक्स की थ्रीडी प्रिंटिंग: मोकळ्या वेळेत हात कशात घालावा?

हाताने काहीतरी बनवायचं, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. घोडं अडतं ते पुढे. लाकडात हात घालावा, सर्किटं जोडावीत की थ्रीडी प्रिंटर घ्यावा? मग तयार वस्तूंचे फोटो बघितले जातात. जो फोटो जास्त आवडतो त्या कामाची हत्यारं घरी येतात आणि काही महिन्यांत अडगळीत पडतात. फोटोत वस्तू दिसते, ती बनताना वेळ कशात गेला ते दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी तुमच्या वाट्याला मात्र तो वेळच येणार असतो. म्हणून या तिन्हींची तुलना करताना पहिला प्रश्न तोच विचारावा.

तास जातात कुठे?

सुतारकामात ते हातात जातात. इथे मी हातहत्यारांच्या कामाबद्दल बोलतोय. मशिनवरच्या कामाचा विषय पुढे येईल. आखणी, करवत, रंधा, पटाशी, सांधा जुळवून बघणं, पुन्हा थोडं तासणं. आणि या सगळ्याच्या आधी धार. नवशिक्याला वाटतं, धार लावणं म्हणजे कामाच्या आधीची कटकट. खरं तर या छंदाचा मोठा हिस्सा धारेचाच आहे. नवी पटाशी साधारण २५ अंशांत घासलेली येते. तिच्या टोकाला दगडावर ३० अंशांच्या आसपास एक बारीक पट्टी घासून काढायची. घासता घासता पाठीवरून हलकेच बोट फिरवायचं, तेव्हा धातूची केसाहून बारीक, उलट वळलेली किनार बोटाला लागते. ती पात्याच्या पूर्ण रुंदीभर लागली की समजायचं, घासणं टोकापर्यंत पोहोचलं. मग पाठ दगडावर सपाट टेकवून ती किनार काढायची आणि चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारायचे. धार आली का हे बघायला मऊ लाकडाच्या फळीचं टोक घ्या, जिथे तंतू आडवे कापलेले असतात, आणि तिथून पातळ काप काढा. भुगा पडला तर परत दगडावर. सलग काप सुटला आणि मागे लाकूड चमकलं तर जमलं.

हे वाचताना कंटाळा आला असेल तर सुतारकाम तुमचं नव्हे, कितीही सुंदर स्टुलं बघितलेली असोत. हात शिवशिवले असतील तर पुढचं नुसतं कुतूहल म्हणून वाचा.

इलेक्ट्रॉनिक्सचे तास शोधण्यात जातात. जोडणी ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचून सर्किट जोडायच्या भोकाभोकांच्या फळीवर, पंधरा मिनिटांत होते. त्यानंतर काहीतरी चालत नाही आणि खरं काम सुरू होतं. अगदी साधं उदाहरण घ्या: बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे. आर्डुइनो या, संगणकावरून कोड घालता येणाऱ्या छोट्या बोर्डाची एक पिन बटणाला जोडली, बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला. बटणाला हातही लावलेला नाही आणि दिवा मनाला येईल तसा लुकलुकतोय. वायरीजवळ हात नेला की जास्तच. कोड कितीही वेळा वाचा, त्यात चूक सापडत नाही, कारण ती तिथे नाहीच. बटण उघडं असताना ती पिन कशालाच जोडलेली नसते, आणि आजूबाजूच्या विद्युत गोंगाटाने कधी शून्य वाचते, कधी एक. त्या पिनेपासून ५ व्होल्टच्या तारेपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाह अडवणारा छोटा भाग) लावला, किंवा बोर्डाच्या आतलाच तसा रेझिस्टर, ज्याला पुल-अप म्हणतात, कोडमधून चालू केला, की पिनेला काय वाचायचं ते कळतं आणि लुकलुकणं थांबतं.

या छंदात मजा आहे ती याच शोधात. मल्टिमीटर हातात घेऊन वीज कुठपर्यंत पोहोचली, ग्राउंड सगळ्यांचं एक आहे का, ब्रेडबोर्डची कडेची पट्टी मध्येच तुटलेली तर नाही (काही बोर्डांत ती मुद्दाम मधोमध तोडलेली असते), असं एकेक संशयित बाद करत जायचं. ज्यांना कोडं अर्धवट टाकून झोप लागत नाही त्यांनी इथे यावं. ज्यांना नोकरीतही दिवसभर ‘हे का चालत नाही’ हेच शोधावं लागतं, त्यांनी मात्र दोनदा विचार करावा. संध्याकाळी परत तेच करण्यात विसावा मिळतोच असं नाही.

थ्रीडी प्रिंटिंगचे तास पडद्यासमोर जातात. यंत्राचे तास वेगळे, पण ते यंत्राचे. घरगुती प्रिंटरमध्ये साधारणपणे १.७५ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची तार वितळून ०.४ मिलिमीटरच्या नोझलमधून बाहेर पडते आणि ०.२ मिलिमीटरचे थर एकावर एक बसतात. म्हणजे १० सेंटीमीटर उंचीच्या वस्तूला ५०० थर. तुमचं काम त्याआधीचं: व्हर्निअर कॅलिपरने मापं घेणं, संगणकावर आकार काढणं, वस्तू कुठल्या अंगावर छापायची आणि आधार कुठे द्यायचा हे स्लायसर नावाच्या प्रोग्रॅममध्ये ठरवणं. पहिला थर नीट चिकटला का ते उभं राहून बघायचं. तो बसला की बाकीचं बहुधा पार पडतं.

इथे एक गोष्ट जरा कडकच सांगतो. स्वतः मॉडेल काढायला शिकायचं नसेल तर प्रिंटर घेऊ नका. दुसऱ्यांनी काढलेली तयार मॉडेलं उतरवून छापत राहण्याची हौस शोभेच्या खेळण्यांनी एक फळी भरेपर्यंत टिकते. घरातल्या एखाद्या यंत्राची तुटलेली खुंटी मोजून, काढून, छापून बसवली की प्रिंटरचं खरं मोल कळतं.

चुकलं की काय होतं?

सुतारकामात चूक तिथल्या तिथे दिसते आणि परत फिरवता येत नाही. फळी दोन मिलिमीटर आखूड कापली तर ती आखूडच. पण लाकडातल्या काही चुका उशिरा उमटतात, आणि त्या जास्त शिकवतात. हवेतल्या ओलाव्याने लाकूड रुंदीत फुगतं आणि आक्रसतं. तंतूंच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही. रुंद फळीच्या खाली आडवी पट्टी डिंकाने ठार चिकटवली तर आज सगळं झकास दिसतं. हवा कोरडी झाली की फळी आक्रसू बघते, पट्टी तिला हलू देत नाही आणि मधोमध चीर जाते. जुने सुतार म्हणूनच तिथे डिंक लावत नाहीत. स्क्रूचं भोक लांबट ठेवतात, म्हणजे फळीला सरकायला वाव राहतो. असल्या गोष्टी कळायला लागल्या की घरातलं प्रत्येक टेबल तुम्ही वाकून खालून बघू लागता.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये चूक बहुधा न दिसणारी आणि स्वस्तातली. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. ५ व्होल्टच्या सर्किटात उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमच्या रेझिस्टरवर गेले की प्रवाह सुमारे १४ मिलिअँपिअर होतो, म्हणजे सगळं सुखरूप. रेझिस्टर विसरला तर एलईडी जळेल, फार तर बोर्डाची एक पिन जाईल. सुटा भाग बदलला की झालं.

प्रिंटिंगमध्ये तर चूक म्हणजे फाइलमधला एक आकडा. झाकण घट्ट बसतंय? फट ०.२ मिलिमीटरने वाढवा, परत छापा. चुका करायला इतकी मोकळीक देणारं दुसरं काम नाही, आणि याचाच तोटा असा की टाकाऊ प्लॅस्टिकचा ढीग चटकन वाढतो. शिवाय छापलेली वस्तू सगळ्या दिशांनी सारखी मजबूत नसते. हुक उभा छापला तर वजन टांगल्यावर थरांच्या सांध्यावर मोडतो. तोच आडवा छापला तर टिकतो. आणि पीएलए हे सर्वांत सोपं प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे उन्हात बंद उभ्या गाडीत ठेवलेली वस्तू वाकडी झाली तर दोष प्रिंटरला देऊ नका.

जागा, आवाज आणि धोके

जागेच्या बाबतीत इलेक्ट्रॉनिक्सला तोड नाही. जेवणाच्या टेबलाचा कोपरा आणि एक डबा पुरतो. घरचे झोपल्यावरही काम चालतं. प्रिंटरला एक कायमची, न हलणारी, हवा खेळती असलेली जागा लागते आणि त्याची घरघर तासन् तास ऐकावी लागते. सुतारकामाला जड, न डुगडुगणारा बाक हवाच. हलत्या टेबलावर रंधा मारून बघा, अर्धी ताकद टेबल धरण्यातच जाते. पटाशीवर मोगरी मारायची तर शेजाऱ्यांची वेळही सांभाळावी लागते.

धोक्यांचं चित्र मात्र लोकांना वाटतं तसं नाही. सुतारकामात सगळे बोटांची काळजी करतात. ती करायलाच हवी: दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे, पुढे कधीच नाही. पण भुशाकडे कुणी बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली. रंध्यातून ढलप्या पडतात, त्या जमिनीवर राहतात. यांत्रिक करवत आणि सँडिंग मशिन बारीक धूळ उडवतात, ती फुप्फुसात जाते. म्हणून घरातल्या खोलीत छंद करायचा असेल तर मी हातहत्यारांच्या बाजूचा आहे. मशिनच हवी असतील तर धूळ ओढणारी सोय आणि चांगला मास्क हा खर्च पहिल्या दिवशी धरा.

सोल्डरिंगमध्ये, म्हणजे सोल्डर नावाचा धातू वितळवून तारा जोडताना, शिसं धुरातून पोटात जातं असं अनेकांना वाटतं. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ जवळपास होत नाही. ते बोटांवरून तोंडात जातं. काम झालं की हात धुवा, कामाच्या टेबलावर खाऊ नका. धूर येतो तो फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट चिकटावं म्हणून त्यात असलेल्या पदार्थाचा, आणि राळेच्या फ्लक्सचा धूर दमा जागा करू शकतो, म्हणून छोटा पंखा लावून तो तोंडापासून दूर वळवा. शिसं असलेलं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाची नेहमीची सोल्डरं २१७ अंशांच्या आसपास. शिकताना पहिलं सोपं जातं. घरातल्या विजेच्या मेनला थेट जोडायची सर्किटं सुरुवातीला करूच नयेत. बॅटरी किंवा यूएसबीवर करण्यासारखं वर्षानुवर्षं पुरेल इतकं आहे.

प्रिंटरचं नोझल पीएलएसाठी २०० अंशांच्या आसपास तापतं, आणि तो रात्रभर चालू ठेवून झोपायचा मोह होतो. निदान धुराचा अलार्म नसलेल्या खोलीत तरी तसं करू नका. तारेऐवजी रेझिन हा द्रव वापरणारे प्रिंटर बारीक काम अप्रतिम करतात, पण कच्चं रेझिन त्वचेला ॲलर्जी लावतं आणि हातमोज्यांशिवाय त्याला शिवता येत नाही. पहिला प्रिंटर म्हणून तो नको.

खर्चाची चाल

सुतारकामाचा खर्च हळूहळू चढतो: थोडी हत्यारं, मग मुरलेलं लाकूड, मग क्लॅम्प. क्लॅम्प कधीच पुरत नाहीत. पण चांगला रंधा नातवंडांपर्यंत चालतो आणि गंजलेला जुना रंधाही थोड्या मेहनतीने कामाला लागतो. इलेक्ट्रॉनिक्स थेंबाथेंबाने खर्च करायला लावतं, आणि पुढे कधीतरी लागतील म्हणून घेतलेल्या सेन्सरांनी खण भरतो. प्रिंटरचा मोठा खर्च एकदम, पुढे फक्त तार: एक किलो पीएलए म्हणजे सुमारे ३३० मीटर, ती बरेच दिवस पुरते. यंत्र मात्र लवकर जुनं होतं.

एका बाबतीत नंतरच्या दोघांचं नशीब सारखं आहे. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया इथल्या एका डिझाइन शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं. त्याच वर्षी इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी रेपरॅप हा स्वतःचे भाग स्वतः छापणाऱ्या प्रिंटरचा प्रकल्प हाती घेतला. दोन्हींचे आराखडे खुले होते. थराथराने प्लॅस्टिक रचायच्या पद्धतीवरचं स्कॉट क्रम्प यांचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं, आणि त्यानंतर स्वस्त प्रिंटरांची रांग लागली. या खुलेपणामुळे आज अडलेल्या माणसाला उत्तर बसल्या जागी सापडतं. सुतारकामात तसं नाही. वाचून पटाशी हातात बसत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून ‘कोपर खाली घे’ म्हणावं लागतं. आसपास असा माणूस किंवा वर्ग असेल तर तराजू लाकडाकडे झुकू द्या.

मग कोणी काय घ्यावं?

दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्यांना मी डोळे झाकून सुतारकाम सुचवतो. वेळ तुकड्यातुकड्यांत मिळत असेल, घर लहान असेल किंवा सोबत शाळकरी मूल असेल तर इलेक्ट्रॉनिक्स. मूल दहा मिनिटांत काहीतरी पेटताना बघतं आणि टिकतं. ज्यांचा आधीच दुसरा छंद आहे, म्हणजे सायकल, कॅमेरा, बाग, छोटी विमानं, त्यांना प्रिंटर सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण छापायला काय लागतं हे त्यांना रोज सुचत असतं. नुसता प्रिंटर हा छंद म्हणून जरा उपाशी राहतो.

अजूनही ठरत नसेल तर तिन्हींपैकी जे दोन जवळचे वाटतात त्यांतली एकेक छोटी वस्तू उसन्या हत्यारांवर करून बघा. लाकडात करवतीखाली धरायचा टेकू करा: एक फळी, तिच्या एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून एकेक पट्टी. तीन तुकड्यांत मोजणं, सरळ कापणं आणि काटकोन धरणं, सगळं येतं, आणि पुढे तो टेकू रोज वापरता. इलेक्ट्रॉनिक्समध्ये अंधार पडला की आपोआप लागणारा एलईडीचा दिवा. प्रिंटिंगमध्ये घरातल्याच एखाद्या हरवलेल्या झाकणाच्या मापाचं नवं झाकण, स्वतः मोजून आणि स्वतः काढून. पहिलं झाकण सैल बसेल. दुसरं छापायच्या आधी तुम्ही कुरकुरत कॅलिपर शोधता की उत्सुकतेने, एवढं बघा आणि मग खरेदीला जा.